नऊ पायऱ्यांच्या खाली

रविवारी सकाळी आठच्या सुमारास लताबाईंचा फोन आला. लताबाई म्हणजे धुळ्याला माझ्या बहिणीच्या शेजारी राहणाऱ्या. एरवी त्या आधी चौकशी करतात, चहा झाला का, नातू कसा आहे. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "भाऊ, अक्का उठत नाहीयेत... तुम्ही या." मी जळगावहून निघालो. एरंडोल, पारोळा, मध्ये रस्त्याचं काम. बस थांबत थांबत चालली होती आणि मी चिडत होतो. बसवर, कंडक्टरवर, पुढच्या सीटवर मोठ्या आवाजात व्हिडिओ बघणाऱ्या माणसावर. खरं तर मी करुणाअक्कावर चिडलो होतो. पंधरा दिवसांपूर्वी आमचं भांडण झालं होतं, ते मिटायचं राहिलं होतं, आणि ती परस्पर निघून गेली होती. शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवून. लहानपणापासून ती हेच करायची.

आता पाच आठवडे झाले. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, "किती सोसलं हो त्यांनी, पण चेहऱ्यावर कायम हसू." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अक्का कायम हसतमुख वगैरे अजिबात नव्हती. ती तापट होती, चहा कोमट मिळाला तर परत पाठवायची, आणि कुणी तिच्याकडे बघून "अरेरे" केलं की त्या माणसाला दिवसभर शालजोडीतले द्यायची. तिचा देवावर भरवसा होता, हे खरं. माझा नाही, हेही खरं. पण लोक तिची जी गोड तसबीर करून भिंतीवर लावू बघताहेत ती मला बघवत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमचं लहानपण शिंदखेड्याला गेलं. वडील मिशनच्या एका छोट्या दवाखान्यात कंपाउंडर होते. अक्का अडीच वर्षांची असताना ताप आला आणि ताप उतरला तेव्हा दोन्ही पाय लुळे पडले होते. पोलिओ. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, त्यामुळे मी तिला कधी आधाराशिवाय चालताना पाहिलंच नाही. आई तिला नऊ वर्षांची होईपर्यंत कडेवर घेऊन फिरली. मग पायांना लोखंडी पट्ट्यांचे बूट आले, काखेत कुबड्या आल्या. ते बूट फार जड होते, आणि तिचा त्यांच्यावर फार जीव होता. रोज रात्री ती स्वतः त्यांना तेल लावायची.

ती बारा वर्षांची असताना गावाबाहेरच्या मैदानात तीन दिवसांची प्रार्थनासभा भरली. मांडव, पेट्रोमॅक्स, लांबून आलेले एक मोठे प्रचारक. आजारी माणसं बरी होतात अशी त्यांची कीर्ती होती. तिसऱ्या दिवशी आईनं अक्काला व्यासपीठावर नेलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मोठमोठ्यानं प्रार्थना केली, बूट काढायला लावले, कुबड्या बाजूला करायला लावल्या आणि म्हणाले, "चाल, मुली!" अक्का एक क्षण उभी राहिली. मग सगळ्यांच्या देखत तोंडावर पडली. प्रचारकांनी माईक तोंडाजवळ घेतला आणि सांगितलं, "या कुटुंबात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय." मी पहिल्या रांगेत बसलो होतो. आठ वर्षांचा. त्या सकाळी मी शेजारच्या झाडाचे दोन पेरू चोरून खाल्ले होते. मला वाटलं, ते माझ्याबद्दलच बोलताहेत.

परत येताना बैलगाडीत आई हुंदके देत होती. अक्काच्या हनुवटीतून रक्त येत होतं. ती आईला आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाली, "माय, रडू नको. पहिले मना बूट दे." आईनं बूट चढवले, पट्टे आवळले. मग अक्का म्हणाली, "देवनी काही सांगेल नव्हतं. त्या माणूसनी सांगेल व्हतं." चाल असं सांगितलं होतं ते माणसानं, देवानं नाही; तिच्यापुरतं प्रकरण तिथं मिटलं. माझ्यापुरतं मिटलं नाही. ते दोन पेरू मी कॉलेजात जाईपर्यंत मनात वागवले. एकदा सुट्टीत तिला सांगून टाकलं. आधी ती पोट धरून हसली. मग एकदम तिचा चेहरा लाल झाला. "इतकी वर्षं हे मनात ठेवलंस? म्हणजे त्या माणसानं माझ्याबरोबर तुलाही पाडलं होतं आणि मला पत्ताच नाही." मी त्यानंतर हळूहळू चर्चमध्ये जाणं सोडलं. जी पडली होती ती मात्र सोडेना. हे कोडं मला कधी सुटलं नाही.

पुढे ती धुळ्याला एका शाळेत कारकून झाली. तीस वर्षं त्या शाळेतून जी मुलं बाहेर पडली त्यांचे दाखले तिच्या अक्षरात आहेत. बाजूला चाकं लावलेली स्कूटर घेतली, भाड्याची एक खोली घेतली, लग्न केलं नाही. अपंगत्वाचा दाखला मात्र तिला दर काही वर्षांनी नव्यानं काढावा लागे, जणू पोलिओ मध्येच बरा होतो की काय ते तपासायला. शेवटच्या खेपेला मी सोबत होतो. कार्यालय पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्यांदा आलो होतो. खिडकीतली मुलगी मला म्हणाली, "काका, पेशंटला वर आणावं लागेल." अक्का खालून जिन्याच्या तोंडाशी बसून ओरडली, "साहेबांना सांगा, मला जिना चढता आला असता तर हा दाखला लागलाच नसता!" दोन तासांनी साहेब खाली आले, तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. स्कूटरवर बसताना ती म्हणाली, "देवाची कृपा, आले खाली."

"यात कसली कृपा? त्यांची नोकरी आहे ती," मी भडकलो.

"मागच्या दोन वेळेलाही नोकरीच होती ना? तेव्हा आले का?"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

चर्चला जात राहिल्याबद्दल मात्र मी तिला कधीच माफ केलं नाही. ती जिथं जायची ते चर्च जुनं, दगडी, आणि दारापर्यंत नऊ पायऱ्या. कठडा नाही, उतार नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार पुरुष तिला वर न्यायचे. बाईमाणसानं असं दर रविवारी पुरुषांकडून उचलून घेणं तिला किती नकोसं व्हायचं ते त्यांच्यापैकी कुणालाही कळलं नाही. त्यांना ती सेवा वाटायची. सहा वर्षांपूर्वी नाताळच्या सकाळी खुर्चीचा पाय वाकला आणि ती सातव्या पायरीवरून खाली आली. मनगट मोडलं. कुबडी धरायचं मनगट. प्लास्टर निघाल्यावर तिनं चर्चच्या पाळकांना सांगितलं, "आता मला कुणी उचलायचं नाही. मी खाली बसेन." आणि ती खाली बसू लागली. पायऱ्यांच्या तळाशी स्कूटर लावायची, उन्हात छत्री, पावसात रेनकोट, आणि बाहेर लावलेल्या स्पीकरवर उपासना ऐकायची. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला सगळ्यात शेवटी तिच्यापर्यंत खाली येई.

मी बांधकामाचे नकाशे काढण्यात आयुष्य घालवलं. मी जाऊन पायऱ्या मोजल्या, बाजूच्या भिंतीला धरून चौपन्न फुटांचा उतार आखला, मध्ये एक वळण, दोन्हीकडे कठडा, आणि नकाशा चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीला दिला. कमिटी म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणाली, इमारतीची शोभा जाईल. तिसऱ्या वर्षी कमिटीचे अध्यक्ष अक्काला म्हणाले, "ताई, तुमच्या एकट्यासाठी एवढं..." ती म्हणाली, "मी एकटी दिसते, कारण बाकीचे घरी बसलेत." आणि तिनं नावं घेतली. लकवा झालेले सॅम्युएलनाना, गुडघे गेलेल्या दोघी बहिणी, चाकाच्या खुर्चीतल्या मार्थाबाई... सात नावं. अध्यक्षांनी मान हलवली. उतार झाला नाही.

भांडण झालं तो रविवार मार्चचा शेवटचा. मी न सांगता धुळ्याला गेलो, थेट चर्चवर. ती खाली स्कूटरवर बसली होती, खोकत होती. पाठीचा कणा वाकत वाकत तिच्या फुप्फुसांवर दाब आला होता आणि साध्या सर्दीनंही तिला धाप लागे. जवळ गेलो तर लक्षात आलं, स्पीकर बंद पडलाय. आतला एक शब्द बाहेर येत नव्हता. तरी ती दीड तास तिथं बसली होती. घरी पोचेपर्यंत मी दम धरला.

"काय ऐकलंस तिथं बसून?"

"काही नाही."

"मग बसलीस कशाला?"

"बोलायला. दर वेळी ऐकायलाच जायचं का?"

"साठ वर्षं बोलतेयस अक्का! काय दिलं त्यानं तुला? त्याच्या घराच्या दारातसुद्धा घेतलं नाही!"

तिनं हातातला कप आपटला. "तुला वाटतं मी त्याच्याकडे पाय मागते? ते मी बाराव्या वर्षी सोडलं. मी त्याला विचारते, या तुझ्या माणसांचं मी काय करू? रोज भांडते. लताला विचार, भिंतीपलीकडे ऐकू जातं. तू तर भांडायलाही येत नाहीस, विनू. लांब रुसून बसलायस."

"आणि उत्तर देतो का तो?"

"नेहमी नाही देत." ती बराच वेळ धापा टाकत राहिली. "पण ऐकणारा आहे, एवढा भरवसा आहे माझा. तुझा नसेल तर नसू दे... आता मला बोलायला लावू नकोस."

मी चहा न पिता पिशवी उचलली आणि निघालो. त्यानंतर फोन केला नाही. तिनंही केला नाही.

अंत्यविधीच्या दिवशी शवपेटी चर्चसमोर आली. सहा जण पुढे झाले. मी पायरीवर आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, "तिला उचलायचं नाही. प्रार्थना इथं खालीच करा." लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाळक तरुण आहेत, भले आहेत. ते माझ्या कानाशी म्हणाले, "भाऊ, आता अक्कांना काय फरक पडणार आहे? आत वेदीसमोर नेऊ द्या." ऊन तापलं होतं, म्हातारी माणसं उभी होती, लताबाई रडत होत्या... मी बाजूला झालो. सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली आणि नऊ पायऱ्या दहा सेकंदांत चढून गेले. सहा वर्षांनी ती आत गेली. मी दिलेला तो होकार बरोबर होता की तिचा विश्वासघात होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला विचारायची सोय नाही, आणि ज्याला विचारायचं त्याच्याशी माझं बोलणं नाही.

मागच्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. अक्कांच्या स्मरणार्थ उतार बांधलाय, तुम्ही बघायला या. मी गेलो. संगमरवरी पाटीवर तिचं नाव, तिच्या नावाखाली क्रूस, सगळं नीट. आणि उतार बारा फुटांचा. चौपन्न फुटांची चढण त्यांनी बारा फुटांत उरकली होती, मिस्त्रीच्या अंदाजानं. नकाशा सापडला नाही म्हणे. उद्घाटनाला मार्थाबाईंना मुद्दाम आणलं होतं. तिघांनी मागून जोर लावला तेव्हा त्यांची खुर्ची वर चढली, आणि चढताना मार्थाबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी अध्यक्षांना म्हणालो, "अहो, यावरून एकटा माणूस जाऊच शकत नाही." ते अगदी प्रेमानं म्हणाले, "ढकलायला माणसं आहेतच की, भाऊ." मला ओरडावंसं वाटलं. तिनं आयुष्यभर नेमकं हेच तर नाकारलं होतं!

तसाच तणतणत मी तिची खोली रिकामी करायला गेलो. दोन दिवस राहायचं ठरवून. आजवर मी तिथं पाहुण्यासारखा आलो, खुर्चीत बसलो, चहा घेतला आणि गेलो. आता कामाला लागल्यावर कळलं, ती खोली माझ्या मापाची नाहीच. दिव्याची बटणं माझ्या मांडीपाशी. आरसा माझ्या पोटापाशी. गॅसचा ओटा इतका बुटका की कांदा चिरायला मला जमिनीवर बसावं लागलं. खुंट्या, फळ्या, कडी, सगळं खाली. तिनं गवंडी बोलावून एकेक गोष्ट उतरवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, माझी पाठ धरली होती आणि दारात रिक्षा थांबली. सॅम्युएलनाना उतरले, मागून त्या दोघी बहिणी, मग मार्थाबाईंची खुर्ची. दाराला उंबरा नाही, ओट्याच्या कोपऱ्यापर्यंत मार्थाबाई स्वतःच चाकं फिरवत आत आल्या. मी पेटी बांधायची दोरी खाली ठेवली. नाना म्हणाले, "आज शुक्रवार शे ना, भाऊ. आमनी प्रार्थना ऱ्हास आठे." चार वर्षांपासून दर शुक्रवारी त्यांची प्रार्थना इथं होत होती. मी यायचो रविवारी, मला कधी कुणी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

त्यांच्यासाठी चहा ठेवावा म्हणून उठलो, तर चहाचा डबा सापडेना. मी सवयीनं भिंतीवर, खिडकीच्या वर, माळ्यावर शोधत होतो. "कुठं ठेवायची ती?" मी वैतागून विचारलं. मार्थाबाईंनी खुर्ची थोडी पुढे घेतली, बसल्या जागेवरून हात लांब केला, डबा काढला, साखर काढली आणि पातेल्यात पाणी ओतायला लागल्या. कुणाची मदत न मागता. मी बाजूला सरकून उभा राहिलो. नाना डोळे मिटून पुटपुटायला लागले होते... बांधलेल्या पेट्यांच्या दोऱ्या मी त्याच संध्याकाळी सोडल्या. घरमालकांना सांगितलं, खोली आत्ता सोडत नाही.