चांदीचं निरांजन

जळगावातल्या ज्या शाळेत मी तिसरीला शिकवते, तिथे दिवाळीआधी पालकांची रीघ लागते. डाळमिलवाल्यांची सून चांदीचं निरांजन घेऊन आली. "नुसती आठवण आहे हो, मॅडम," म्हणाली. मी वरवर 'कशाला, कशाला' केलं आणि डबी पर्समध्ये सरकवली. लक्ष्मीपूजनाला तेच निरांजन लावलं, वर जावेला कौतुकाने दाखवलं. लाज अशी वाटलीच नाही.

जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. नाटुकल्यात राणी म्हणून मी एका रिक्षावाल्याची मुलगी निवडली. खणखणीत आवाजाची पोर होती. डाळमिलवाल्यांची मुलगी तोंडातल्या तोंडात बोलायची, म्हणून तिला दासी केलं. दुसऱ्याच दिवशी तिची आई हजर.

"मॅडम, दिवाळीला आमचं काही कमी पडलं का?"

किती सरळ विचारलं बाईने! भाजीवालीशी बोलावं तसं. मीही विकायला बसले होतेच की. फक्त भाव कळायला मला तीन महिने लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बोलावून मी निरांजन स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर परत केलं. तिने ते उलटंपालटं करून बघितलं, बोटाने काजळी खरवडली आणि म्हणाली, "वापरलंत वाटतं." मग डबी घेऊन गेली. एवढी श्रीमंती आणि एवढंसं मन! शेजारच्या वर्गावरच्या बाई मला म्हणाल्या, "उगाच तोरा मिरवलास. द्यायचे ते देतातच, आपण घ्यायचं आणि विसरायचं." त्यांच्या कपाटात भेटीच्या साड्यांना जागा नाही, पोरांच्या वह्या मात्र महिना महिना तपासायच्या राहतात.

राणी तीच मुलगी झाली आणि छान झाली. दुसऱ्या दिवशी तिचा बाप फाटकापाशी वांग्यांची पिशवी घेऊन उभा. मूळचा धुळ्याकडचा माणूस.

"भाऊना मळाना वांगा शेतस, मॅडम. भरीत करा."

"मी कोणाकडूनच काही घेत नाही," मी म्हणाले. हे व्रत जेमतेम पंधरवड्याचं, पण आवाज जन्माच्या साध्वीचा.

त्याचा चेहरा पडला. त्याने पिशवी रिक्षाच्या हँडलला अडकवली आणि निघून गेला. त्याला माझ्याकडून काहीच नको होतं. ते ओळखण्याइतकी अक्कलही मी त्या निरांजनापायी घालवून बसले होते.