वाळूवरचा एकटा रणगाडा

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. चपलेतल्या वाळूसारखे ते आपोआप घरी येतात. झाडायला घरात दुसरं कोणी नसलं, की मग ढीग होतो. माझा झालाय.

नगरजवळ रणगाड्यांची शाळा आहे. तिथल्या एका खोलीत वाळू पसरून मी डोंगर, ओढे, रस्ते करायचो. बशीरभाई सुतार बोटाएवढे लाकडी रणगाडे, तोफा, जवान करायचा. त्यावर साहेब लोक लढाई शिकायचे. शिकवण एकच : रणगाडे, पायदळ, तोफा, वरून हेलिकॉप्टर, सगळ्यांनी मिळून आणि झपाट्यानं जायचं. एकटा पुढं गेला, तो गेला!

*

एका तरुण साहेबानं रणगाडे भराभरा नदीपार नेले.

"शाब्बास!" मोठे साहेब म्हणाले. "पायदळ कुठंय?"

"मागून येतंय, सर."

"मागून म्हणजे कुठून?"

तो वाळूभर शोधायला लागला. मी जवान रंग वाळायला खिडकीत ठेवले होते!

बशीरभाई हळूच म्हणाला, "साहेब, ऊन खातंय."

*

एका सकाळी वाळूत नवीच टेकडी! मोठे साहेब नकाशा उलटासुलटा करून थकले. बशीरभाईनं वाकून वास घेतला.

"शत्रूचं काम न्हाई, साहेब. मांजराचं हाय."

त्या दिवशी हल्ला लांबून वळसा घालून झाला.

*

हे सगळं मी घरी बायकोला सांगायचो. एकदा नेवाशाच्या बाजारात मी झपाझप पुढं, ती पिशव्या घेऊन मागं. भर रस्त्यात ओरडली, "अहो रणगाडा! पायदळ मागं ऱ्हायलं की!"

सगळा बाजार हसला. तेव्हापासून मी तिच्या पावलानं चालायला लागलो. शेवटी पुढं तीच निघून गेली.

*

संध्याकाळी खोली बंद करताना बशीरभाईचा एक नेम होता. वाळूवर एखादा रणगाडा एकटा राहिला असला, तर त्याच्याशेजारी एक जवान उभा करायचा.

मी म्हणायचो, "बशीरभाई, लढाई संपली की आता."

"व्हय अण्णा. पन रात काढायची हाय बिचाऱ्याला."

*

आता तिथं मोठे पडदे आलेत, ड्रोन आलेत. वाळू बागेत गेली. गुलाब लई जोरात आहेत म्हणे!

बशीरभाईला अर्धांग झालं, बोलणं गेलं. मला 'अण्णा' म्हणणारा जगात तेवढाच उरलेला. सून फोनवर म्हणाली, "कुनाला वळखत न्हाईत, चाचा. येऊन काय करता?"

तरी गेलो. तिच्याकडून परात मागितली, शेजारच्या बांधकामावरची वाळू आणली. आमची टेकडी केली, नदी केली. निवृत्तीला त्यानं दिलेला रणगाडा मधोमध ठेवला आणि परात त्याच्या खाटेवर टेकवली.

"बशीरभाई, मी अण्णा."

तो भिंतीकडं बघत राहिला. सुनेनं मला चहा दिला, त्याच्या हातात गोळी दिली. चहा संपला. शेवटची एसटी चुकू नये म्हणून मी उठलो, दारात जाऊन चपला घातल्या.

मागून सून ओरडली, "अब्बा! गिळायची हुती ती!"

वळून बघितलं. रणगाड्याच्या शेजारी, वाळूत, लाल-पिवळी कॅप्सूल ताठ उभी होती.

मी चपला काढल्या.