जेजुरीच्या पहिल्या पायऱ्या

काल नातसुनेने जेजुरीचा भंडारा आणला आणि मुलुंडच्या आमच्या देवघरात हळदीचा तो उष्ण, किंचित उग्र गंध दरवळला. क्षणार्धात मी एकोणीसशे पन्नासच्या दशकातील चैत्रातल्या एका दिवशी, गडाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो.

लग्नापाठोपाठ मला विषमज्वराने गाठले होते, म्हणून कुलदैवताचे दर्शन लांबले होते. नव्या नवऱ्याने वधूला उचलून गडाच्या पहिल्या काही पायऱ्या चढायच्या, ही तिथली रीत. माझे हातपाय मात्र अजून काडीसारखे होते.

"राहू दे रे," आई म्हणाली. "खंडोबाला तुझी प्रकृती कळते."

"भावोजी, पोथी उचलण्याइतकं सोपं नाही हे," मेहुणा हसला.

मी धोतर खोचले आणि मल्हारीचे नाव घेऊन पत्नीला उचलले. भंडाऱ्याने पिवळा झालेला दगड तळव्यांना चटके देत होता. तिसऱ्या पायरीवर माझे गुडघे लटपटले.

"खाली ठेवता का?" तिने हळूच विचारले.

"नाही."

"मग थांबा जरा. श्वास घ्या. मला घाई नाही."

मी थांबलो आणि मग उरलेल्या पायऱ्या चढलो. खाली उतरवल्यावरही तिने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. नवी नवरी गर्दीत बावरली असावी, असे मला तेव्हा वाटले. आज कळते, माझा तोल जाऊ नये आणि तो सावरलेला कोणाला दिसूही नये, म्हणून तिने दंड धरला होता.