हरभऱ्यातले हंस

मुरुमजवळच्या तलावाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात एक मावशी हरभरा पेरतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पट्टकादंब हंस तिथंच उतरतात. ते काय खातात हे शोधायला मी त्यांची विष्ठा गोळा करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, हे मावशींना ठाऊक आहे.

"एवढं शिकलास, अन् घाण येचायलास व्हय रं?" असं म्हणत त्या भाकरी पुढं करतात. मग बोलणं अर्धवट टाकून, ओरडत हंसांमागं धावतात. हंस उडतात, थोडं पुढं जाऊन पुन्हा बसतात.

परवा थवा हरभऱ्यात उतरला, तशा त्या उठायला गेल्या अन् गुडघे धरून पुन्हा खाली बसल्या. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाल्या, "तुझ्यासाठीच सोडलेत. खाऊ दे, मग तुला लई मिळंल."

"उपकार झाले, मावशी," मी म्हणालो.

एरवी हंस पोटभर खाऊन उडेपर्यंत मी लांब बसून राहतो. त्या दिवशी पिशवी घेऊन सरळ हरभऱ्यात शिरलो. थवा उडून गेला. वेचण्यासारखं अजून काही पडलंच नव्हतं, तरी मी बराच वेळ वाकून शोधत राहिलो.