टेम्पोतली मधली सीट

आमच्या घुमीला माझ्यापासून कुणी घेऊन जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. न्यायला आहे काय तिच्यात? माझी धाकटी जाऊ ती. लग्न होऊन आली ती तोंडाला कुलूप लावूनच आली. हो, नाही, बरं, आणि 'ताई, मीठ द्या', एवढ्या भांडवलावर ती वर्ष काढायची. तिला घुमी मीच म्हणायला लागले, मग दीर म्हणायला लागला, मग सगळेच. तिनं त्यालाही हरकत घेतली नाही.

मी पडले बोलघेवडी. बोलल्याशिवाय मला घास उतरत नाही. आमचे हे जेवताना पेपर वाचतात आणि मधून मधून 'हं' म्हणतात. ते 'हं' माझ्यासाठी की पेपरसाठी, हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हा माझी खरी जोडी जमली ती जावेशी. मी बोलायचं, तिनं ऐकायचं. ऐकायची पण कशी, हातातलं काम न थांबवता, हसायच्या जागी बरोबर हसून. असं माणूस मिळायला नशीब लागतं.

आम्ही दोघी एकाच शेडमध्ये ताडपत्र्या शिवतो. ट्रकवर टाकतात, गोदामातल्या मालावर टाकतात, त्या. ताडपत्री म्हणजे काही रुमाल नव्हे, एकीला पेलत नाही. एकीनं मशीनवर बसून कापड सुईखाली सरकवायचं आणि दुसरीनं मशीनच्या मागे उभं राहून शिवलेलं हातात घ्यायचं, जमिनीवर उतरवत जायचं. घुमी मशीनवर, मी मागे. म्हणजे अख्खा दिवस तोंडासमोर तोंड. माझ्या माहेरची माणसं तिनं पाहिली नसतील तेवढी ऐकलीत. मी लहानपणी रिकाम्या पाण्याच्या टाकीत पडले होते ते तर तिनं इतक्यांदा ऐकलंय की कुठे हसायचं हे तिला माझ्याआधी कळतं.

आणि मग ती टेम्पोवाली आली. कानामागून आली आणि तिखट झाली.

कॅनव्हासचे गठ्ठे आणायचे आणि तयार माल न्यायचा, हे तिचं काम. तिच्या आधीचा माणूस मुकाट्यानं यायचा, मुकाट्यानं जायचा. ही पहिल्याच दिवशी दारात आली आणि शेडचं शटर थरथरायला लागलं. टेबलावरची कात्री आपली आपण सरकायला लागली. मला वाटलं शेजारी काहीतरी कोसळलं. बाहेर जाऊन बघते तर टेम्पो उभा आणि त्याच्या आतून तो आवाज. कुणी गात नव्हतं. खालून घुं घुं घुं, त्यावर कुणी करवत चालवावी तसं काहीतरी, मग आवाज असा पिळल्यासारखा, जसा ओला टॉवेल पिळतात. मी म्हटलं, "बाई गं, बंद कर ते. दात हलतायत माझे."

घुमी माल चढवायला गेली होती. हातातली ताडपत्री खाली ठेवून ती टेम्पोच्या पत्र्यावर तळवा टेकवून उभी होती. मशीन गरम झाली का हे बघायला ती असाच हात ठेवते.

"काय आहे हे?" तिनं विचारलं. स्वतःहून. अनोळखी बाईला.

"डबस्टेप. बाहेरच्या संगीताचा प्रकार आहे," टेम्पोवाली म्हणाली. "वर चढा. बाहेरून नाही कळायचं."

आणि चढली की ही. माझ्याबरोबर बाजारात यायचं तर हिला दहादा हाक मारावी लागते.

त्या दिवसापासून दुपारी जेवायच्या सुट्टीत हॉर्न वाजला की घुमी डबा उचलायची आणि टेम्पोत जाऊन बसायची. मी आम्हाला कापड कापून देणाऱ्या कटिंगमास्तरांबरोबर जेवायचे. कटिंगमास्तर भला माणूस आहे, पण त्यांना पित्त आहे आणि त्याशिवाय दुसरा विषय नाही. खिडकीतून टेम्पोच्या काचेत दोन डोकी दिसायची. एक मुलासारखे केस कापलेलं, एक आमचं. माझ्या पोटात असं दुखायचं की कटिंगमास्तरांच्या पित्ताला मागे टाकावं.

मी काय काय केलं नाही. घुमीला आवडते ती भाजी डब्यात भरली, तर तिनं ती अर्धी टेम्पोवालीला दिली. 'त्या बाईचे टायर बघितलेस का, गुळगुळीत झालेत' म्हणून बघितलं. त्यावर 'बदलले कालच' एवढंच उत्तर आलं. एकदा सरळ विचारलं, "एवढं आहे तरी काय त्या आवाजात?" घुमीनं हात थांबवला, विचारात पडली, तोंड उघडलं. तेवढ्यात मला माझ्या मामेभावाची ती बँडवाली गंमत आठवली आणि मी ती सांगितली.

मग आले हेडफोन. टेम्पोवालीनं तिचे जुने दिले. कानांवर दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखे दिसायचे. आता घुमी मशीनवर बसली की कानांवर वाट्या, आणि मी समोर उभी राहून हवेशी बोलतेय. हसायच्या जागी ती हसेना. टाकीची गोष्ट मी अर्ध्यात सोडून दिली तरी तिला पत्ता नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. घुं घुं करणाऱ्या आवाजाशी माणूस भांडणार कसं?

आणि सुया मोडायला लागल्या. आधीही मोडायच्या, पण आता रोज. कट्‌ आवाज आला की मी म्हणायचे, "मोडली. घाल आणखी वाट्या कानावर." कटिंगमास्तरांनाही मी सांगितलं, की हिचं लक्ष नाही, त्या गोंगाटाच्या नादात कापड तिरकं सरकवते. घुमी नवी सुई बसवायची.

एका सकाळी कटिंगमास्तर पित्ताची गोळी पाण्याबरोबर घेता घेता म्हणाले, "तुमची जाऊ टेम्पोवर जाणार म्हणे. त्या बाईला जोडीला माणूस हवंय."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. घरातली गोष्ट मला पित्तवाल्याकडून कळावी! दुपारी हॉर्न वाजला तसा घुमीच्या आधी मी बाहेर पडले. टेम्पोचं दार उघडलं आणि म्हटलं, "मलाही ऐकायचंय तुमचं ते."

टेम्पोवालीचा चेहरा उजळला. "तुम्ही ताई ना? या या, चढा." मग मागून आलेल्या घुमीकडे बघून, "आणलंस एकदाचं."

घुमी नेहमीसारखी मधल्या सीटवर बसली, मी खिडकीशी. मी भांडणाची सुरुवात मनात जुळवत होते. तेवढ्यात टेम्पोवाली म्हणाली, "तुमची ती पाण्याच्या टाकीची गोष्ट मला पाठ आहे. तुम्ही आतून ओरडताय आणि शेजारची म्हातारी म्हणते, कुणाचा रेडिओ चालू राहिलाय. मी इतकी हसले होते की सिग्नल सुटलेला कळला नाही मला. ही काय सांगते हो! हातवारे करून."

"कोण सांगतं?"

"ही." तिनं घुमीकडे बोट दाखवलं. "रोज एक असते. तुमच्या मामेभावाचा बँड, तुमच्या आत्याची मांजर. तुमच्या ह्यांचं 'हं' तर हुबेहूब करते."

घुमी डब्याच्या झाकणाकडे बघत बसली होती. मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे ही बोलते. हातवारे करून बोलते. आणि गोष्टी माझ्याच. माझ्या गोष्टींवर हसवते ती या उपटसुंभ बाईला, आणि माझ्यासमोर हो, नाही, बरं. सांगते, मला तेव्हा आनंद झाला नाही. मला आणखीच जळायला झालं.

"लावा," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना म्हणून म्हटलं.

टेम्पोवालीनं लावता लावता स्वतःचं सांगितलं. तिच्या चुलतभावानं पेनड्राइव्ह दिलेला. तिनं गाडी चालवता चालवता लावला, आणि तो आवाज आला तशी तिला खात्रीच झाली की गिअरबॉक्स गेला. टेम्पो बाजूला घेतला, बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, मेकॅनिकला फोन लावला. इंजिन बंद केलं तरी आवाज चालूच. "तेव्हा कळलं गाणं आहे म्हणून. मग तिथेच बसून तीनदा ऐकलं. मेकॅनिक आला आणि तोही बसला."

मग मला बोलता आलं नाही, कारण ते सुरू झालं. वूफर, म्हणजे तो घुं घुं काढणारा मोठा स्पीकर, मधल्या सीटच्या मागे होता. आधी हळू, ठोके लांब लांब. मग वर चढायला लागलं, आणखी वर, आणखी घाई, आता काहीतरी फुटणार असं. आणि एकदम सगळं बंद. काहीच नाही. मी घाबरून घुमीकडे बघितलं. तिनं डोळे मिटलेले. आणि मग खालून आलं ते. कानात नाही आलं. पाठीच्या कण्यातून, मांड्यांतून, डब्यातला चमचा वाजवत आलं.

टाकी आठवली मला. गोष्टीतली नाही, खरी. मी आत पडल्यावर ओरडले वगैरे सगळं खरं, पण ते नंतर. आधी मी मुठीनं टाकीच्या भिंतीवर मारलं होतं आणि धुम्म असा आवाज माझ्या पाठीतून आरपार गेला होता. मला तो इतका आवडला की मी बराच वेळ मारतच बसले. बाहेर यायचंच नव्हतं मला. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही.

गाणं संपल्यावर मी ते सांगितलं. थोडक्यात सांगितलं, मला थोडक्यात सांगता येतं हे मलाच नवीन होतं.

घुमीनं डोळे उघडले. "हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत, "मला ते थांबतं ना मधेच, ते आवडतं. वाटतं, आता माझी पाळी. आपल्याकडे असं कुणी थांबतच नाही."

कुणी म्हणजे कोण, हे टेम्पोवालीलाही कळलं असावं, कारण ती उगाच आरसा पुसायला लागली. टेम्पोवर जाण्याचं मी विचारणार होते ते विचारलंच नाही. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर? हो तिला पटकन म्हणता येतं.

सुट्टी संपून मशीनवर बसताना घुमीनं हेडफोन लावले नाहीत. मी मागे उभी राहिले आणि तोंड मिटून घेतलं. सोपं नाही ते. तीन गोष्टी जिभेच्या टोकावर आल्या आणि तिन्ही मी गिळल्या. अर्धी शिवण झाली असेल आणि कट्‌, सुई मोडली. कानावर वाट्या नसताना मोडली.

घुमीनं मोडकी सुई काढली, हातात फिरवली. मी थांबून होते.

"ताई, तुम्ही ओढता," ती म्हणाली.

"मी? मी ओढते?"

"बोलायच्या भरात ओढता. पहिल्यापासून. सुई खाली असते आणि तुम्ही कापड ओढता, मग ती वाकते. आधी तुमच्या बोलण्यावरून मला कळायचं, गोष्ट रंगात आली की आता ओढणार, मग मी मशीन हळू करायचे. हेडफोन लावल्यावर कळेना, म्हणून मोडतायत. आज तुम्ही गप्प होतात तरी ओढलंत, मग कळणार कसं?" तिनं नवी सुई बसवली, स्क्रू आवळला. "ओढायला लागत नाही हो. फक्त धरायचं. ते येतं आपलं आपण."

इतकी वर्षं ती माझ्या गोष्टींवर नजर ठेवून मशीन चालवत होती, आणि मी समजत होते ती हसायच्या जागा शोधतेय. मला राग आला. खूप आला. पण भांडायचं तर चूक तिची हवी, आणि ती निघाली माझीच. तिनं पाय दाबला. मी कापडाखाली नुसते हात धरले. कापड आलं. हळूहळू, आपल्या चालीनं, माझ्या हातांवर येऊन पडत राहिलं. शिवण सरळ गेली शेवटपर्यंत.

"जाणार आहेस का टेम्पोवर?" मी शेवटी विचारलं.

"नाही," घुमी म्हणाली. "तिनं विचारलं तेव्हाच तिला सांगितलं. तुम्हालाही सांगणार होते, पण मधे शिरायला जागाच मिळेना." धागा कापून ती म्हणाली, "मला टेम्पो नकोय, ताई. दुपारचा अर्धा तास हवाय."

मी 'बरं' म्हणाले. तिचाच शब्द, पण मला दुसरा सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉर्न वाजला. घुमीनं डबा उचलला आणि दारात जाऊन थांबली. कटिंगमास्तर पित्ताचं सांगायला माझ्याकडे वळले होते.

"येताय ना?" ती म्हणाली.

"येते," मी माझा डबा घेत म्हटलं. "पण आज मधे मी बसणार."