उजव्या मुठीतल्या चिठ्ठ्या

एकोणीसशे साठच्या सुमारास चामराजपेटहून ऑफिसला जाताना बसमध्ये एक मुलगी रोज माझ्या शेजारी बसायची. अमेरिकेतल्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेसाठी ती इंग्रजी शब्द पाठ करायची. शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या डाव्या मुठीत असायच्या. शब्द पाठ झाला की चिठ्ठी उजव्या मुठीत जायची. गुण कमी पडले तर हुबळीच्या स्थळाला होकार द्यायचा, असं तिच्या घरी ठरलं होतं. मला कामांच्या याद्या करायची सवय, त्यामुळे तिची पद्धत फार आवडे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिची डावी मूठ रिकामी दिसली.

"झाले सगळे?" मी विचारलं.

"कुठले हो अक्का! न येणारेही तिकडेच टाकलेत. हा हात रिकामा दिसला की स्वल्प धीर येतो."

मी पर्समधली माझी यादी काढली. 'आईला पत्र' या कामापुढे सकाळीच झाल्याची खूण केली होती. पत्र लिहिलंच नव्हतं.