शांत वर्गाचा सत्कार

माझ्या दुसरीच्या वर्गात एकदा आठवडाभर कुणी ब्र काढला नाही, आणि त्याबद्दल माझा सत्कार झाला.

पाथरीजवळच्या एका खेड्यात मी शिक्षक. माझी लेक सई माझ्याच वर्गात. (तिचं दुर्दैव.) वर्गाला शिस्त लागावी म्हणून मी मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं. गप्प बसलं की स्टार, बडबड केली की मायनस, आणि लगोलग पालकांना मेसेज!

पहिल्याच दिवशी एका आईचा उसाच्या फडातून फोन.

"गुर्जी, पोरीचे दोन कमी झाले म्हनं. काय चोरलं का तिनं?"

"नाही हो, बोलली फक्त."

"एवढंच व्हय! मी इथं कोयता टाकून बसले ना!"

मी हसलो. (तेव्हा हसू यायचं.)

पक्षपात नको म्हणून सगळ्यात जास्त मायनस सईला. "पप्पा, चंद्र दिवसा बी का दिसायलाय?" मायनस! शाळेत 'पप्पा' म्हणाली, म्हणून अजून एक! दोन्ही मेसेज बायकोला गेले.

"तुमी शाळा चालवायलात का पोलीस ठाणं?" तिनं दारातच विचारलं.

मी म्हणालो, "तुला त्यातलं काय कळतंय!"

चार दिवसांत वर्ग चिडीचूप. पुढच्या आठवड्यात शनिवारी शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले, बघतच राहिले. "गुरुजी, लेकरं हायेत का फोटो?" लगेच शाल, नारळ, टाळ्या! सगळी मुलं उभी राहिली. सई उठेना.

"ऊठ की!"

ती मान खाली घालून बसलेली. खालची बसायची पट्टी ओली झाली होती. सकाळपासून लघवी धरून बसली होती पोरगी.

"अगं, विचारायचं नाही का?"

"बोललं की मायनस होतंय ना, सर."

सर! मी सत्काराची शाल तिच्या कमरेला गुंडाळली आणि तिला उचलून घरी आणलं. दारात बायको मोबाइल धरून उभी. मेसेज आला होता: 'अभिनंदन! सई आठवडाभर शांत बसली.'

बायकोनं लेकीला माझ्या हातातून घेतलं, बस्स.

ॲप मी त्याच दिवशी काढून टाकलं. संध्याकाळी सईला जवळ घेऊन विचारलं, "मी कसा शिक्षक हाय गं?"

"खरं सांगू, का तुमाला आवडंल असं?"

"आवडंल असं सांग," मी म्हणालो.